खऱ्या वाक्याला फुली

ता. ३ फेब्रुवारी

प्रिय वन्सं,
स. न. वि. वि.

तुमचं पत्र येऊन तीन आठवडे झाले आणि उत्तर आत्ता लिहितेय, तेव्हा आधी कान पकडते. इकडे आम्ही तिघंही ठीक. आईंचा गुडघा थंडी सरल्यापासून बरा आहे. तुमचे बंधुराज दिवसभर बंदरावर क्रेनमध्ये उंच बसतात आणि घरी आले की पलंगावर आडवे होतात. मधली अवस्था त्यांना माहीत नाही.

आजचं पत्र स्वार्थाचं आहे, उगाच आढेवेढे घेत नाही. आमच्या रुग्णालयाच्या शिवणखान्यात मी एकोणीस वर्षं फाटक्या चादरी, रुग्णांचे अंगरखे आणि ऑपरेशनचे हिरवे कपडे शिवतेय, हे तुम्हाला ठाऊकच आहे. पण गेल्या वर्षापासून डोळ्यांनी दगा द्यायला सुरुवात केलीय. सुईत दोरा ओवायला शेजारच्या मशीनवालीला हाक मारावी लागते. चष्मा दोनदा बदलला. डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं की आहे ते टिकवा, नवीन काही येणार नाही. मेट्रनबाईंच्या हे लक्षात आलंय. ज्यांना दोरा दिसत नाही त्यांना धुलाईच्या हॉलमध्ये पाठवतात. तिथं ओल्या गरम चादरी उचलायच्या असतात आणि माझ्या कमरेला ते झेपायचं नाही.

एकच वाट आहे. आमची मुकादमीण मार्चअखेर निवृत्त होतेय. तिच्या जागेसाठी वीस मार्चला इंग्रजीची लेखी परीक्षा आहे, कारण वरचे सगळे कागद इंग्रजीत येतात. मी संध्याकाळच्या वर्गाला दोन महिने जातेय. बाकीची मुलं माझ्या निम्म्या वयाची, मी त्यांची मावशी. कसंबसं चाललं होतं, पण आता मेक, हॅव, गेट, लेट, हेल्प हा धडा आला आणि माझी गाडी रुतली. सगळ्यांचा अर्थ म्हणे दुसऱ्याकडून काम होणं. मग पाच कशाला? आणि परीक्षेत नेमकं हेच येणार, बारा बायकांकडून काम कसं करून घ्याल ते लिहा म्हणून.

तुम्ही तीस वर्षं इंग्रजी शिकवताय. पत्रातून शिकवाल का? फोनवर नको, फोनवर लाल शाई दिसत नाही. तुम्ही वसतिगृहात असताना यांची पत्रं लाल शाईनं तपासून परत पाठवायचात, ती आईंनी अजून ट्रंकेत ठेवलीत. मला तशीच तपासणी हवी.

आई आशीर्वाद सांगतात. लोभ आहेच, आता थोडा अभ्यासही असावा ही विनंती.

तुमची,
वहिनी


ता. १० फेब्रुवारी

प्रिय वहिनी,
स. न. वि. वि.

अगं, विचारतेस काय! दादानं माझ्याकडून कधी एक काना शिकून घेतला नाही. या घरात कुणीतरी माझ्याकडे शिकायला आलं, यातच मला पावलं.

आता नीट ऐक. पाचही क्रियापदं काम दुसऱ्याकडे देतात, पण प्रत्येकाची तऱ्हा वेगळी. मेक म्हणजे भाग पाडणं. आई मला भल्या सकाळी उठवून पाढे म्हणायला लावायची, डोळे मिटत असले तरी. ते मेक. हॅव म्हणजे ज्याचं ते कामच आहे त्याच्याकडून सांगून करवून घेणं. मी गेल्या महिन्यात रंगाऱ्याकडून माझी मागची खोली रंगवून घेतली. ते हॅव, त्यात कुणी रुसत नाही. गेट म्हणजे पाठीस लागून, गोड बोलून, गळ घालून करायला लावणं. दादा आईकडून हवं ते असंच उपटायचा. गेटच्या मागे माणसाकडून काम करवताना टू लागतो, तेवढं शेपूट त्यालाच आहे. हेल्प म्हणजे हात लावणं. आणि लेट म्हणजे अडवायचा हक्क असूनही न अडवणं, करू देणं. लेटचं घरातलं उदाहरण मला चटकन सुचेना, ते तू शोध.

अभ्यास असा. दहा वाक्यं लिही, इंग्रजीत, प्रत्येक वाक्य तुझ्या स्वतःच्या आयुष्यातलं. माझा एक नियम माझ्या सगळ्या मुलांना तोंडपाठ आहे, तुलाही सांगते. वाक्य खरं पाहिजे. खोट्या वाक्याला मी फुली मारते, व्याकरण कितीही चोख असो. खरं लिहिताना माणूस शब्द तोलून वापरतो, म्हणून.

ती मागची खोली आईसाठी आहे, हे तुझ्या लक्षात आलंच असेल. खिडकी पूर्वेला आहे. न्हाणीघरात धरायला दांडा बसवून घेतलाय, उंबरा काढून टाकलाय. सात वर्षं तू केलंस, आता मीही करीन म्हणते. आईला विचार आणि तिचं उत्तर तिच्याच शब्दांत कळव. पोरगी म्हणून माझाही काही हक्क आहे की नाही?

दादाला सांग, बहिणीला पत्र लिहायला क्रेन लागत नाही. लोभ वाढता ठेव, वाक्यं दहाच ठेव.

तुझी,
वन्सं


ता. १९ फेब्रुवारी

प्रिय वन्सं,
स. न. वि. वि.

धडा डोक्यात शिरला! वर्गातल्या सरांनी तीन आठवडे फळा पांढरा केला आणि काही कळलं नाही. तुम्ही खोली रंगवलीत आणि मला कळलं.

सोबतच्या कागदावर दहा वाक्यं आहेत. इंग्रजी अक्षर वाकडं आहे, पण खोटं एकही नाही. काय म्हणायचं होतं ते इथं मराठीत लिहिते, म्हणजे चूक कुठं झाली ते तुम्हाला पकडता येईल. पहिली चार बाहेरची. मेट्रनबाई माझ्याकडून हिरवे कपडे शिवून घेतात. मशीनचा आवाज आम्हाला ओरडून बोलायला लावतो. शेजारीण मला दोरा ओवायला मदत करते. मी नवऱ्याच्या मागे लागून त्याला चहा करायला लावते, महिन्यातून एकदा.

बाकीची सहा आईंची. तुम्ही घरातलं लेट शोधायला सांगितलंत ना, मला ढीगभर सापडली. आई मला रोज सकाळी त्यांचे केस विंचरू देतात. आई मला पत्त्यांत जिंकू देतात, मला ते कळतं पण मी दाखवत नाही. मटार सोलताना मी गोड बोलून आईंना गायला लावते. मी आईंना रोज वीस पावलं जास्त चालायला भाग पाडते, त्या मला शिव्या घालतात. उसवलेली शिवण मला दिसत नाही, तेव्हा आई बोटांनी चाचपून ती शोधायला मदत करतात. दहावं वाक्य लिहू की नको असं झालं होतं, पण तुमचा नियम आठवला. डोळ्यांच्या डॉक्टरकडून आले त्या दिवशी आईंनी मला रडू दिलं. गप्प बस म्हणाल्या नाहीत, पाठीवर हातही फिरवला नाही. नुसत्या शेजारी बसून राहिल्या.

खोलीचं त्यांना सांगितलं. तुम्ही त्यांचे शब्द मागितलेत म्हणून तसेच देते. म्हणाल्या, तिला सांग खोली छान केलीस, पण मला इथंच बरं आहे. मी दोनदा विचारलं, तेच म्हणाल्या आणि पत्ते पिसायला लागल्या. मनाला लावून घेऊ नका, म्हातारं माणूस आहे, जागा बदलायला भितात.

लाल शाई सढळ हातानं वापरा. लोभाला कात्री लावू नये ही विनंती.

तुमची,
वहिनी


ता. २६ फेब्रुवारी

प्रिय वहिनी,
स. न. वि. वि.

वाक्यं तपासून परत पाठवतेय. पहिली चार बरोबर. चालण्याचं आणि शिवणीचं बरोबर. उरलेल्या चारांना फुली आहे, बघून घे.

लेट तू सरसकट वापरलंयस, तिथंच गडबड झाली. वडीलधाऱ्या किंवा हुद्द्यानं मोठ्या माणसांच्या बाबतीत इंग्रजीत लेट चालत नाही. त्यांनी काही करू दिलं असं म्हणणं उद्धटपणाचं दिसतं. आपण नाही का आदरार्थी बोलत, तसंच ते आहे. तिथं मेक लिहायचं. म्हणजे आई मला केस विंचरू देते असं नाही, आई मला केस विंचरायला लावते. रडण्याचं वाक्यही तसंच बदललंय. गाण्याचं वाक्य मी साफ खोडलं. गोड बोलून कुणाला गायला लावता येत नाही. शिवाय आई गाते हे मला तरी नवीन आहे. मी सतरा वर्षं तिच्या घरात काढली, एक ओळ कानावर पडली नाही. तुझ्याकडे मटार सोलताना तिला गळा फुटला म्हणायचा.

रागावू नकोस, शिक्षिकेला गोड बोलून चालत नाही. तुझी सहा वाक्यं एकाच माणसावर आहेत, हेही बरं नव्हे. परीक्षकाला वाटेल या बाईला दुसरं जग नाही. पुढच्या वेळी विषय बदल.

आईचं उत्तर कळलं. तिला इथंच बरं आहे, उत्तम. खोलीत मी आता मुलांच्या वह्या ठेवायच्या म्हणते. दांडा भिंतीतून काढायला गवंड्याला बोलवावं लागेल. राहू दे, मीही कधीतरी म्हातारी होईनच.

कामाची गर्दी आहे म्हणून आवरतं घेते. लोभ आहे तेवढा असू द्यावा.

वन्सं


ता. ९ मार्च

प्रिय वन्सं,
स. न. वि. वि.

तुमच्यापासून काय लपवायचं, माझी पार फजिती झाली.

शनिवारी आमच्या हेडक्लार्कनी परीक्षेला बसणाऱ्या आम्हा चौघींची सराव परीक्षा घेतली. मी तुमचा कागद पाठ करून गेले होते. रुग्णालयात सगळेच माझ्याहून मोठ्या हुद्द्याचे, म्हणून मी जिथं तिथं लेट खोडून मेक लिहिलं. मेट्रनबाई आम्हाला चार वाजता चहाला जाऊ देतात असं लिहायचं होतं. मी लिहिलं की त्या आम्हाला चहाला जायला भाग पाडतात. मोठ्या डॉक्टरीणबाई बाळंतिणीच्या आईला वॉर्डात थांबू देतात, तिथंही तेच. हेडक्लार्कनी ते मोठ्यानं वाचलं आणि म्हणाले की मेट्रनबाई छडी घेऊन तुम्हाला चहाला पिटाळतात की काय. तिघी पदरात तोंड घालून हसल्या. तेवढ्यात मेट्रनबाई स्वतः दारात. त्यांनीही वाचलं. त्या हसल्या नाहीत, ते जास्त लागलं.

दहापैकी तीन मिळाले. हेडक्लार्कनी सांगितलं की इंग्रजीला थोरामोठ्यांचं काही कळत नाही, लेट सगळ्यांना चालतं. असला नियम कुणी शिकवला असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं कुणी नाही, पुस्तकात वाचताना माझी चूक झाली. तुमचं नाव मी घेतलं नाही, कारण चूक तुमची असणंच शक्य नाही. तीस वर्षं शिकवणारं माणूस चुकेल होय? घरी येऊन तुमचं पत्र चार वेळा वाचलं. नेमकं काय उलटं वाचलं ते काही सापडेना. यांना दाखवलं तर म्हणाले, माझी बहीण आणि चुकली? तूच चष्मा पूस.

आता वाटतं, डोळे गेले तसं डोकंही गेलंय. या वयात हा नाद करायलाच नको होता. नाव मागे घ्यायचा अर्ज लिहून ठेवलाय. सोमवारी, सोळा तारखेला देईन. धुलाईच्या हॉलमध्येही माणसंच काम करतात. कमरेला पट्टा बांधीन, झालं.

तुमचा वेळ फुकट गेला, त्याचं वाईट वाटतं. आईंना यातलं काही सांगितलं नाही. त्या आपल्या रोज विचारतात, वन्संचं पत्र आलं का.

लोभ असावा, विद्यार्थिनी नापास झाली तरी.

तुमची,
वहिनी


ता. १२ मार्च (जलद टपालानं)

प्रिय वहिनी,
स. न. वि. वि.

आधी तो अर्ज फाड. मग पुढचं वाच.

तू काही उलटं वाचलं नाहीस. मी खोटं लिहिलं. तुझी दहाही वाक्यं बरोबर होती. एक स्वल्पविराम सोडला तर लाल शाई लावायला जागा नव्हती. इंग्रजीत आदरार्थी लेट-मेक असलं काही नसतं, तो नियम मी त्या संध्याकाळी टेबलाशी बसून रचला. तुला पटावा म्हणून मुद्दाम आपल्या बोलण्यासारखा रचला. तीस वर्षांत मी एकाही मुलाच्या बरोबर वाक्याला फुली मारली नव्हती, आणि मारली ती तुझ्या.

का, ते सांगते. मी जळले, वहिनी. हेवा, मत्सर, काय हवं ते म्हण. एका हातात तुझा कागद होता आणि दुसऱ्या हातात आईचं ते एका ओळीचं उत्तर. मी रंगाऱ्याच्या डोक्यावर उभं राहून खोली करून घेतली, चार वेळा रंग बदलला. तिला इथंच बरं आहे. आणि इथं म्हणजे कुठं, तर जिथं ती गाते, पत्त्यांत हरते आणि तुला रडू देते. मला ती कधी रडू द्यायची नाही. शाळेतून रडत आले की पुस्तक पुढ्यात टाकायची.

आणि ते केस. आईचे केस गुडघ्यापर्यंत होते, तू ते पाहिले नाहीस. न्हाऊन आली की खिडकीकडे पाठ करून बसायची. मी फणी घेऊन मागे उभी राहायचे आणि ती दर वेळी म्हणायची, तुझे हात कडक आहेत, जा, अभ्यासाला बस. आईनं मला तिच्या केसांना कधी हात लावू दिला नाही. हे वाक्य इंग्रजीत करून बघ, लेट वापरूनच होतं. लेटचं उदाहरण सुचेना असं मी तुला लिहिलं ना, सुचत होतं, पण नकाराचं. आणि तू आलीस परक्या घरातून आणि ढीगभर लेट पाठवलीस. मला तुझं वाक्य चूक नको होतं, खोटं हवं होतं. ते खोटं करता येईना म्हणून चूक केलं.

तुझ्या डोळ्यांवर आणि कमरेवर बेतलं तेव्हा मला जाग आली. वरून तू माझं नाव झाकलंस. ते वाचून मी शाळेत जाऊ शकले नाही, डोकं दुखतं असं कळवलं.

सोबत तुझा मूळ कागद पुन्हा नीट तपासून ठेवलाय, दहा बरोबरच्या खुणा. बारा बायकांवरचा नमुना निबंध मी देत नाही, तुला त्याची गरज नाही. तू रोज आईकडून जे करून घेतेस तेच त्या बायकांकडून करून घे आणि तेच लिही.

हे पत्र आईला वाचून दाखवू नकोस. उन्हाळ्याच्या सुटीत येणार होते, आता नाही येत. तोंड दाखवायची लाज वाटते. लोभ मागायचा हक्क मला राहिलेला नाही, म्हणून मागत नाही.

वन्सं


ता. २९ मार्च

वन्सं,
स. न. वि. वि.

प्रिय लिहिलं नाही, ते विसरले म्हणून नव्हे. उत्तराला दोन आठवडे लावले तेही मुद्दाम. पत्र वाचून माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. तुम्ही जळलात आणि चटका मला. आठवडाभर मी माझ्या डोक्याला बोल लावत होते, ते डोकं शाबूत होतं! यांना सांगितलं तर आधी विश्वासच बसेना. मग पलंगावरून उठून बसले आणि त्यांनी न सांगता चहा केला. यावरून काय ते ओळखा.

अर्ज फाडला. वीस तारखेला परीक्षा दिली. बारा बायकांवर पान भरून लिहिलं. कुणाला सांगून भागतं, कुणाच्या मागे लागावं लागतं, आणि जिचा मुलगा आजारी आहे तिला अर्धा तास आधी जाऊ द्यावं लागतं. मेट्रनबाईंनी ते वाचलं आणि म्हणाल्या की या वेळी मी छडी घेतलेली दिसत नाही. पास झाले, वन्सं. एक तारखेपासून सहा महिने कच्ची मुकादमीण, मग पक्की. जुन्या मुकादमिणीच्या हाताखाली आतापासूनच काम शिकतेय. खरं सांगू, दुसऱ्याकडून करून घेणं हे स्वतः करण्याहून अवघड आहे. मशीन दिसली की माझे हात शिवशिवतात.

आता माझं ऐका. जळायचा मक्ता तुम्ही एकट्यानंच घेतलाय का? आई केस माझ्या हाती देतात, पण उशाखाली कुणाची पत्रं ठेवतात? दारी येईल त्याला कुणाचं सांगतात? दूधवाल्याला माहीत आहे की आमची मुलगी इंग्रजीची बाई आहे. चादरी शिवणारी सून कोण, ते त्याला माहीत नाही. सात वर्षं मी तुमचं प्रत्येक पत्र मोठ्यानं वाचलंय. आई ऐकता ऐकता ओठ हलवतात, ते बघून पत्र चुलीत घालावंसं वाटलंय. घातलं नाही, एवढाच तुमच्या-माझ्यात फरक.

तुमचं पत्र आईंना वाचून दाखवलं नाही. पण माझ्यासाठी काही लिहिलंय का, असं त्यांनी विचारलं. नाही म्हणायला माझी जीभ रेटेना. हो, येतेय म्हणून लिहिलंय, पाच एप्रिलला, असं सांगून मोकळी झाले. मग सहज आठवल्यासारखं केसांचं विचारलं. हात कडक होते का हो वन्संचे? आईंनी हातातले पत्ते खाली ठेवले. मग म्हणाल्या, हात कसले कडक, लोण्यासारखे होते. पोर फणी हातात घेऊन दुपारभर उभी राहिली असती. केसांत रमली असती तर पुस्तक सुटलं असतं. म्हणून कडक म्हणाले, म्हणाल्या.

हे ऐकून मला आनंद व्हायला हवा होता, पण झाला नाही. माझ्या आईनं मला नवव्या वर्षी मशीनवर बसवलं. माझं पुस्तक सुटेल अशी भीती कुणाला वाटली नाही. आता बोला, कुणी कुणाचा हेवा करायचा?

मुकादमीण होणार हे कळल्यावर मी पहिली खरेदी केली ती लाल पेनची. तुमचं पत्र सोबत परत पाठवतेय, तपासून. शुद्धलेखनाची चूक सापडली नाही. पण आईनं मला तिच्या केसांना कधी हात लावू दिला नाही, हे जे वाक्य आहे, त्याला फुली मारलीय. व्याकरण चोख आहे, पण नियम तुमचाच. हा कागद तुमच्या हाती पडून आठवडा होईतो ते वाक्य खोटं ठरणार आहे.

कारण तुम्ही येताय म्हटल्यापासून आईंनी मला फणीला हात लावू दिलेला नाही. आज चौथा दिवस. रोज सकाळी मी मागे जाऊन उभी राहते आणि त्या डोकं बाजूला घेतात, म्हणतात राहू दे, ती येतेय ना. डोक्यावर नुसता गुंता झालाय. तुम्ही येताय असं मी सांगितलं ते खोटं वाक्य होतं, ते खरं करणं तुमच्याकडे लागलं.

लोभ असेल तर पाचला सकाळीच या. येताना मोठ्या दातांची फणी आणा, आमच्या फणीनं हा गुंता सुटायचा नाही.

तुमची,
वहिनी